हातगाडीचं पस्तान

अमरावतीच्या स्टँडवर एसटीत बसलं की मूर्तिजापूरपर्यंत एक डुलकी होते, आणि दुसरी नीट लागायच्या आत कंडक्टर अकोला आलं म्हणून ओरडतो. एवढ्या अंतराला माझा मुलगा 'लाँग डिस्टन्स शिफ्टिंग' म्हणत होता. त्यासाठी त्याने लॅपटॉपवर एक तक्ता केला होता आणि तक्त्याला रंग दिले होते. हिरवा म्हणजे झालेलं काम, पिवळा म्हणजे चालू असलेलं, लाल म्हणजे अडलेलं. मी कोणत्या रंगात होतो ते पुढे कळेलच.

माझ्या बापानं मोर्शीहून अमरावतीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा त्याचं सगळं प्लॅनिंग एका शब्दाचं होतं. तो म्हणाला, "चाला." आम्ही चाललो. आईच्या डोक्यावर एक बोचकं, बापाच्या खांद्यावर एक, आणि मागून रडत येणारा मी. काही फुटलं नाही, कारण फुटण्यासारखं काही नव्हतं. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तो काळ वेगळा होता." काळ वेगळा होता हे खरंच आहे. तेव्हा सामान माणसाच्या मागे जायचं, आता माणूस सामानाच्या मागे जातो.

मुलगा अकोल्यात एका कंपनीत साहेब आहे. शिकला पुण्यात. वऱ्हाडी पोरगं पुण्याला पाठवलं की ते दोन गोष्टी शिकून येतं: एक नोकरी आणि दुसरं 'बघू'. आपल्याकडे माणूस नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणतो. पुण्यात 'बघू' म्हणतात. मग समोरचा बिचारा बघत राहतो.

त्याचा जठारपेठेत फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, खाली पार्किंग आहे, गॅलरीत दोन कुंड्या आहेत. आम्ही दोघं म्हातारे अमरावतीत आमच्या दोन खोल्यांत होतो आणि काही अडत नव्हतं. पण पावसाळ्यात आमची बुढी नळापाशी शेवाळावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. त्या दिवसांत स्वयंपाक मी केला. मुलगा तर नंतर बोलला, अकोल्याला जायची घाई आधी तिलाच झाली.

माझं अकोल्याशी वाकडं नव्हतं. ऊन दोन्हीकडे सारखंच भाजतं. अकोल्याचं नळाचं पाणी जावयासारखं आहे म्हणतात, कधी येईल ते सांगत नाही आणि आलं की सगळं घर कामाला लावतं, पण तेही सोसता येतं. माझा प्रश्न एवढाच होता की मुलाच्या घरी मी कोण म्हणून जाणार. जन्मभर मी हातगाडीवर संत्री विकली. संत्री नसतील तेव्हा सीताफळं, सीताफळं नसतील तेव्हा बोरं. हातगाडी सोबत आली तर मी स्वतःच्या कमाईचा चहा पिणारा माणूस. नाही आली तर सोसायटीच्या बाकावर बसून दुसऱ्याने वाचलेला पेपर वाचणारा म्हातारा. तसले म्हातारे मी पुष्कळ पाहिले आहेत. सकाळी त्यांना फिरायला सोडतात आणि येताना कोथिंबीर आणायला सांगतात.

म्हणून मी फोनवर एकच अट घातली. येतो, पण हातगाडी येईल.

मुलगा म्हणाला, "बघू."

मग एके दिवशी सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस घर पाहायला आला. गळ्यात ओळखपत्र, पायात बूट. बूट काढायला सांगितले तेव्हा त्याचा मोजा फाटलेला निघाला, म्हणून तो शेवटपर्यंत एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा होता. त्याने मोबाइलवर आमच्या घराचा सिनेमा काढला. कपाट, तखत, धान्याची कोठी, देव्हारा. बुढीला विचारलं, काचेचं काय काय आहे. तिनं लोणच्याची बरणी दाखवली. तो म्हणाला, लोणच्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. ती म्हणाली, मग बरणी माझ्या मांडीवर येईल, आणि माझ्या मांडीची जबाबदारी कंपनीनं घेऊ नये.

अंगणात माझी गाडी उभी होती. तिच्याकडे त्यानं मोबाइल फिरवला आणि तसाच पुढे नेला, जसा सोयरिकीत कोणी लंगडा मामा असला की फोटोवाला पुढे सरकतो. मी विचारलं, ही? तो म्हणाला, ही आयटम लिस्टमध्ये नाही.

संध्याकाळी मुलगा आला आणि त्यानं बजेट वाचून दाखवलं. पॅकिंग, चढवणं, वाहतूक, उतरवणं, विमा. तखताचा विमा. ज्या तखतावर माझा बाप मेला त्याला आता काय व्हायचं राहिलं होतं? शेवटी एक ओळ होती, आकस्मिक खर्च. मी विचारलं हे काय. तो म्हणाला, "जे आपल्याला आत्ता माहीत नाही ते."

"मंग त्याचे पैसे किती, हे कसं माहीत?"

यावर त्यानं लॅपटॉपचा कोन थोडा बदलला. खर्चाच्या इतक्या ओळी आणि जमेला फक्त एक ओळ होती. मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझ्या गाडीचं नाव मला वाचता येतं. 'हातगाडी – भंगार.' ती विकून जे येणार होतं त्यात सामानाला गुंडाळायचा तो फोडांचा प्लॅस्टिक कागद बसणार होता. हिशोब चोख होता. बापाच्या धंद्याचे फुगे करून सामानाला गुंडाळायचे.

मी त्याला तुझी फी कुठून भरली वगैरे ऐकवलं नाही. ते सिनेमातले बाप बोलतात, आणि बोलले की पोराला उत्तर सापडतं. मी गप्प राहिलो म्हणून त्यालाच बोलावं लागलं.

"बाबा, तुमचं वय झालंय. आणि जठारपेठेत मला लोक ओळखतात."

"चांगलं हाये. मलेही ओळखतीन आता."

तो म्हणाला, "बघू." आणि माझ्या गाडीची ओळ पिवळी केली.

तारीख ठरली रविवारची, होळी झाल्यावरची. साहेबाला सुटी रविवारीच. इथे बुढीनं मान हलवली. रविवारी पश्चिमेला जात नाहीत, दिशाशूळ असतो. अकोला पश्चिमेला. मुलानं तिला समजावलं की आई, दर रविवारी हजार माणसं एसटीनं अकोल्याला जातात. ती म्हणाली, ते जातात अन् सोमवारी वापस येतात. आपण कायमचं जाऊन राहिलो.

पण ती नुसती अडवणारी बाई नाही. अडवते आणि तोडही सांगते. तोड म्हणजे पस्तान. पोथीत त्याला प्रस्थान म्हणतात. जायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, नारळ-सुपारी म्हणा, कपडा म्हणा, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. मग तुम्ही त्या चांगल्या दिवशीच निघालात असं धरतात. उरलेला देह रविवारी गेला तरी शूळ लागत नाही. नियम एकच. ठेवलेलं पस्तान घरात परत आणायचं नाही. आणलं तर निघणं मोडलं, मग त्या गावी बिऱ्हाड करायचं नाही. जाताना ते उचलायचं आणि सोबत घेऊन जायचं.

मुलाला ही तोड फार आवडली, कारण तिला खर्च नव्हता. हसत हसत त्यानं तक्त्यात ओळ घातली. 'प्रस्थान – ०.' आणि लगेच हिरवा रंग दिला. गुरुवारी ठेवा म्हणाला, आणि अकोल्याला निघून गेला.

तो गेल्यावर बुढीला तिच्या बापाची आठवण आली. तो हिवरखेडला कायमचा राहायला निघाला तेव्हा त्यानं शेजारच्या घरी खुरपं ठेवलं होतं. ज्याचा जो धंदा त्याची वस्तू ठेवावी म्हणायचा, नारळ काय कोणाचाही असतो. ती भाजी निवडत सहज बोलली. मी ऐकून घेतलं. सासऱ्याचं कौतुक मी एरवी ऐकत नाही.

आता पश्चिमेचं घर. आमच्या पश्चिमेला गादीवाला राहतो. बापापासून त्यांचा तोच धंदा, कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. अंगणाला अंगण लागून, आणि आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद. कारण असं की त्याच्या पिंजायच्या मशीनचा कापूस उडून माझ्या संत्र्यांवर बसायचा. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, संत्र्याला दाढी कधीपासून यायला लागली. मी ते जाऊन त्याला ऐकवलं. तो म्हणाला, तुझ्या सडक्या संत्र्यांचा वास माझ्या रजईत शिरतो, नवरा-नवरीच्या रजईत. त्यावर मी जे बोललो ते लिहीत नाही. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी आपापल्या बायकांमार्फत बोलायचो. बायकांनी आमच्या भांडणाला कधी भाव दिला नाही. ईदेचा शीरखुर्मा इकडे आणि दिवाळीच्या करंज्या तिकडे, दोन्ही आमच्या डोक्यावरून जायच्या.

मी बुढीला म्हटलं, पश्चिमेला तर तो आहे. ती म्हणाली, "मंग काय पच्चिम बदलू काय?"

गुरुवारी सकाळी तिनं रुमालात नारळ, सुपारी, हळदीचे तांदूळ बांधले आणि माझ्या हातात दिले. ती देवापुढे बसली. मी गाडी पुसली, चाकांत तेल सोडलं, रुमाल गाडीवर मधोमध ठेवला आणि गाडी ढकलत पश्चिमेला निघालो.

गादीवाला ओट्यावर रजईला टाके घालत बसला होता. वर न पाहताच म्हणाला, "संत्रा नाई पायजे."

"विकाले नाई आलो. पस्तान ठेवाले आलो."

त्यानं सुई रजईत टोचली आणि चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग गाडीकडे पाहिलं. "पस्तान तर रुमालात राह्यते रे बुढ्या. तू तं आख्खा बाजार घेऊन आला."

"रुमाल वर हाये. गाडी त्याच्या खाली हाये."

"अन् मी काहून ठेवू?"

"तुयं घर पच्चिमेले हाये म्हणून. मी नाई बांधलं ते तठी."

मशीन बंद होती, कापूसही खाली बसला होता. माझा मुलगा कसा आहे हे त्याला माहीत होतं, मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. गाडी भंगारात जाणार हेही बायकांमार्फत भिंतीपलीकडे गेलेलं असणार.

"अमानत म्हणून ठेवतो," तो म्हणाला. "पण मंग पाय, अमानत ज्यानं ठेवली त्याच्याच हातात वापस जाईन. तुया साहेब आला तरी नाई, कलेक्टर आला तरी नाई."

"मले तेच पायजे."

"माया घरी कापूस उडते."

"गाडी रिकामी हाये," मी म्हटलं.

एवढ्यावर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. त्यानं गाडी रजयांच्या ढिगामागे सावलीला लावली आणि चाकाखाली वीट ठेवली.

घरी आलो तर बुढीनं विचारलं, "रुमाल ठेवला?"

"ठेवला. गाडीवर."

"गाडी कोठी हाये?"

"रुमालाखाली."

तिनं खिडकीतून पाहिलं. मग ती खाली बसली. तिला सगळं एकदम समजलं. ठेवलेलं परत आणता येत नाही. परत आणलं तर निघणं मोडलं, आणि जायचं तर तिलाच होतं. आता गाडी अकोल्याला जाणार, नाहीतर कोणीच जाणार नाही. आणि हा कायदा माझा नव्हता, तिच्या बापाचा होता.

दुपारपर्यंत मला चहा मिळाला नाही. पण मुलाचा फोन आला तेव्हा तिनं माझी बाजू अशी लढवली की मी पैसे देऊन वकील लावला असता तरी तेवढं बोलला नसता. पलीकडून मुलगा सांगत असावा की आई, ही सगळी प्रतीकं असतात. ती म्हणाली, तुझ्या लग्नात मंगळसूत्र प्रतीक म्हणून चाललं असतं का, सोन्याचं कशाला मागितलं होतं?

शनिवारी साहेब स्वतः आले. माझ्याशी न बोलता सरळ गादीवाल्याकडे गेले. गादीवाल्यानं त्यांना नव्या गादीवर बसवलं, चहा दिला, नोकरीची चौकशी केली, पाठीला कोणती गादी बरी ते सांगितलं. मुलगा म्हणाला, चाचा, ती गाडी द्या. तो म्हणाला, बेटा, चहा अजून घे. गाडीचं तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा चहा आला. शेवटी त्यानं सांगितलं, अमानत आहे, बाप येईल तर बापाला देईन.

मुलगा पोटात चार कप चहा घेऊन परत आला आणि मला म्हणाला, "बाबा, तुम्ही जाऊन घेऊन या."

"मी आणली तं निंगणं मोडते. मंग तुयी आई येत नाई."

"मी नाई येत," बुढी आतून म्हणाली.

तो एकदा माझ्याकडे पाही, एकदा आतल्या खोलीकडे, एकदा भिंतीपलीकडे. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून मला बरं वाटलं. पुण्याहून आल्यापासून त्याची अस्सल वऱ्हाडी मी ऐकली नव्हती.

"तुमी तिघंबी मिळून मले भैताड समजून राहिले काय?"

असल्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर देत नाहीत. त्यानं लॅपटॉप उघडला आणि प्रस्थानाची हिरवी ओळ लाल केली. शून्याकडे तो बराच वेळ पाहत बसला.

रविवारी ट्रक आला. बंद डब्याचा. हमालांनी घर असं गुंडाळलं की कपाट कोणतं आणि देव्हारा कोणता हे मलाही ओळखू येईना. सगळं भरून झाल्यावर मी शेजारी गेलो. गादीवाल्यानं वीट काढली, गाडी बाहेर आणली आणि दोन्ही दांडे माझ्या हातात दिले.

"घे. चाकं मोजून घे."

मी खरंच मोजली. चार होती.

"अकोल्याचं पानी खारं, साबनाले फेस येत नाई म्हंतेत," तो म्हणाला. "तुया तोंडाले तेवढा येईन."

ट्रकपाशी नेली तर गाडी आत मावेना. हमालांच्या मुकादमानं दोरीनं माप घेतलं आणि सांगितलं, एक तर ही जाईल, नाहीतर धान्याची कोठी. मोठा ट्रक मागवला तर त्याचा आकडा आकस्मिक खर्चाच्या पलीकडे जात होता. मुलानं तो आकडा दोनदा विचारला. त्याला वाटलं आता सुटलो.

कोठी पत्र्याची, माझ्या छातीएवढी उंच. बुढीनं लग्नानंतर पहिली वस्तू घेतली ती हीच. वर्षाची ज्वारी तिच्यात राहायची, आणि ज्वारी नसली की पोरं तिच्यात लपायची. फ्लॅटमध्ये तिला जागा नव्हती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण ती यादीत होती आणि माझी गाडी नव्हती. बुढीनं कोठीवर हाताची चापट मारून आवाज ऐकला. मग हमालांना म्हणाली, "हे भिंतीपलीकडच्या घरी ठेवा. हेबी अमानतच."

ती चिडली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. ती चिडली नाही, म्हणून मला बोलायला काही राहिलं नाही. मी चाकांत पुन्हा तेल सोडलं.

गाडी आत गेली ती उलटी, चाकं वर करून, उताण्या म्हशीसारखी. त्याआधी कंपनीचा नियम आडवा आला. न गुंडाळता कोणतीही वस्तू चढत नाही. मग दोन हमालांनी माझ्या हातगाडीला तोच फोडांचा प्लॅस्टिक कागद गुंडाळला. भंगारात जाऊन जो कागद विकत आणणार होती, त्याच कागदात ती नवरीसारखी बसली. मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत होता. मोबाइल बंद होता.

आम्ही त्याच्या कारनं निघालो. बुढीच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती. मूर्तिजापूरपर्यंत माझी एक डुलकी झाली.

अकोल्यात सोसायटीचा अध्यक्ष खाली उभाच होता. त्याला बातमी आधी लागली होती. पाटीवर लिहिलं होतं, एका फ्लॅटला एका वाहनाची जागा. तो म्हणाला हातगाडी म्हणजे वाहन नाही. मी म्हटलं चाकं मोजा, तुमच्या स्कूटरपेक्षा दोन जास्त निघतील. तो म्हणाला सोसायटीला शोभत नाही. मी विचारलं, पाटीवर शोभेचं कुठे लिहिलंय? त्यानं पाटी पुन्हा वाचली. अकोल्याची माणसं वाईट नाहीत, नियम वाचून घेतात. दरम्यान वर सून सगळ्यांसाठी चहा टाकून मोकळी झाली होती. ती पक्की अकोल्याची आहे. कुठलं भांडण लांबणार ते तिला चहाच्या कपांवरून कळतं.

मुलाच्या जागेवर माझी गाडी लागली. त्याची कार रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली गेली. त्या झाडावर कावळे राहतात. मला वाटलं तो बोलेल. त्यानं फक्त कारचं कव्हर विकत आणलं. त्याचा खर्च कोणत्या ओळीत घातला ते मी विचारलं नाही.

आठवड्याभरात मी धंद्याला लागलो. मोर्शीचा जुना माणूस मृग बहाराची संत्री अकोल्याच्या बाजारात पाठवतो. त्याला फोन केला, क्रेट ठरवले. जठारपेठेच्या एका कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या मालकानं आधी हाकललं. मग त्याच्या बायकोनं संत्री खाल्ली, तेव्हापासून तो सावलीचा पडदा माझ्या अंगावर येईल इतका पुढे ओढतो. बायका भाव करतात आणि मी करत नाही. अमरावतीचा माणूस अकडू असतो असं तिथे आता म्हणतात. म्हणोत.

एका संध्याकाळी कोपऱ्यावर एक कार थांबली. कावळ्यांनी नक्षी काढलेली, म्हणजे कव्हर कामाचं नव्हतं. चालवत होता माझा मुलगा, शेजारी त्याच्या कंपनीतला कोणी दुसरा साहेब. काच त्या साहेबानं खाली केली. मुलगा सरळ समोर पाहत होता, जणू समोर सिग्नल आहे. सिग्नल नव्हता.

साहेबानं भाव विचारला. मी सांगितला. तो म्हणाला कमी करा, पलीकडे स्वस्त आहेत. मी म्हटलं पलीकडे जा. त्यानं पुन्हा घासाघीस चालवली, संत्री उचलून, दाबून, नाकाला लावून. मी तराजू खाली ठेवला. मुलाकडे मी पाहिलं नाही. मला पाहायचंच नव्हतं. त्यानं काच वर करून निघून जायचं ठरवलं असतं तर ते मला माझ्या डोळ्यांनी दिसायला नको होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. पुण्याचा नव्हता.

"भाव बराबर हाये बे. घे गुपचूप."

साहेबानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "ओळखीचे आहेत का?"

"हौ," माझा मुलगा म्हणाला. "आमच्याच पार्किंगमधले."

मग थोडं थांबून, समोर पाहतच, त्यानं विचारलं, "बाबा, मलेबी दोन किलो द्या."

मी दोन पिशव्या तोलल्या. एकेका पिशवीचे पूर्ण पैसे घेतले आणि सुटे परत दिले. घरच्या माणसाला कमी भाव लावला की गिऱ्हाईक बिघडतं आणि घरचा माणूसही बिघडतो.

रात्री जेवताना तो म्हणाला, त्यातली दोन संत्री नरम निघाली. बुढी भाकरी मोडता मोडता थांबली. सून माझ्याकडे पाहायला लागली.

मी म्हटलं, "उद्या गाडीवर ये. बदलून देतो."